समुपदेशकाची राखण

कापसाने आमच्या यवतमाळ जिल्ह्याला रडवलं त्या वर्षांत कापूस सोडून बाकी सगळ्याचं पीक जोमात होतं. समित्या उगवल्या, पाहणी दौरे उगवले, पांढऱ्या गाड्या उगवल्या, आणि त्या गाड्यांतून उतरून कापसाच्या पऱ्हाटीला हात लावून फोटो काढून घेणारी माणसंही उगवली. त्याच हंगामात मी उगवलो. समाजकार्याची पदवी, इस्त्रीचा शर्ट आणि अकरा महिन्यांचा करार एवढं भांडवल. पदाचं नाव ग्राम समुपदेशक. गावाने या शब्दाचा नाद दोन दिवसांत सोडला आणि मला सर म्हणायला सुरुवात केली. सर म्हटलं की माणूस नेमकं काय करतो हे कोणी विचारत नाही.

काम मात्र अगदी सोपं लिहून दिलेलं होतं. गावात कोण आतून खचलंय ते वेळेत ओळखायचं आणि त्याला धीर द्यायचा. एक जाड वही मिळाली होती. नाव, समस्या, दिलेला सल्ला, दिसलेली सुधारणा, असे रकाने छापलेले. वर्ष सरेपर्यंत वहीत माणसं दिसली नाहीत तर केंद्र बंद होणार, आणि केंद्राबरोबर मीही. म्हणजे माझी नोकरी टिकायची तर गावात कोणीतरी खचलेला सापडायलाच हवा होता. ही अडचण सगळ्यात आधी माझ्या आईच्या लक्षात आली. आमचं घर कळंबचं. मी रुजू झालो त्या आठवड्यात ती चिंतामणी गणपतीच्या देवळात गेली, हात जोडून उभी राहिली आणि तशीच परत आली. ‘मागू तरी काय रे बाप्पा?’ ती म्हणाली. ‘पोराकडे गिऱ्हाईक येऊ दे म्हणावं तर लोकायचं वाईट मागितल्यासारखं होते.’ वडिलांना असला पेच पडला नाही. मुलगा मनाचा डॉक्टर झाला, असं त्यांनी बाजारात सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

गाव घाटंजीहून पांढरकवड्याकडे जाताना आत वळून लागायचं. मला ग्रामपंचायतीच्या मागची खोली मिळाली. तिथे पूर्वी खताची पोती ठेवत असत आणि तो वास पोत्यांबरोबर गेला नव्हता. वर टिनपत्रे, खाली एक टेबल, दोन खुर्च्या. एक माझी, एक खचलेल्याची. भिंतीवर योजनेचं चित्र होतं. त्यात एक शेतकरी कपाळाला हात लावून झाडाखाली बसलेला, डोक्याला कोल्हापुरी फेटा. पहिल्याच दिवशी एक म्हातारा येऊन ते चित्र बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आला पहिला. तो म्हणाला, ‘हा आपल्या इकडचा नोहे जी,’ आणि निघून गेला.

पहिल्या आठवड्यात मी शाळेच्या व्हरांड्यात गावाला प्रशिक्षण दिलं. चहा आहे असं कळल्याने गर्दी झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं. खचलेला माणूस कसा ओळखायचा, हे मी फळ्यावर लिहून दाखवलं. तो एकटा बसतो. एका ठिकाणी टक लावून बघतो. दाढी करत नाही. जेवण कमी होतं. कमी बोलतो. आपल्या वस्तू लोकांना देऊन टाकतो. आणि असा माणूस दिसला तर काय करायचं? त्याला एकटं सोडायचं नाही. उपदेश करायचा नाही. नुसतं जवळ जाऊन बसायचं. बाकीचे चहाची वाट बघत होते. अंगणवाडीच्या ताई तेवढ्या पहिल्या रांगेत बसून एकेक शब्द वहीत उतरवून घेत होत्या. गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन त्यांच्या वहीत असायचं आणि ते कधी चुकत नसे. त्या दिवशी मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

आणि मग कोणीही आलं नाही.

आज आलं नाही, उद्या येईल, असं करत जून गेला. जुलैत सगळं गाव तण काढायला, डवरणी-निंदणाला शेतात. ज्यांचं मन हलकं करायचं तेच सकाळी सातला घर सोडत आणि दिवेलागणीला परतत. मी दहा ते पाच खोलीत, फेटेवाल्यासोबत. कंटाळ्याबद्दल मी पुस्तकात एक धडा वाचला होता. तो लिहिणारा कधी खताच्या गोदामात बसला नसावा. कंटाळा पहिले पंधरा दिवस बाहेर असतो, तेव्हा त्याच्याशी खेळता येतं. मी टिनपत्र्याची भोकं मोजली. भोकांतून पडणारे उन्हाचे कवडसे जमिनीवर कुठून कुठे सरकतात त्यावर वेळ सांगायला शिकलो. सही बदलून पाहिली, चार प्रकारच्या केल्या, पुन्हा पहिलीवर आलो. भज्यांच्या पुडीचा कागद उलगडून वाचायचो. त्यात एका लग्नाची बातमी अर्धी फाटलेली होती, तर पुढे काय झालं असेल याची मी तीन दिवस काळजी केली. खर्रा खायला शिकलो. पानठेल्यावर तंबाखू-सुपारी पन्नीत घालून घोटताना बघण्यात पाच मिनिटं जातात, आणि तेव्हा पाच मिनिटं म्हणजे मोठीच कमाई होती. योजनेकडून वाटायला आलेली पेनं, कॅलेंडरं, स्टीलचे पेले कपाटात पडून होते. घ्यायला कोणी येईना, म्हणून खिडकीसमोरून जाईल त्याला मी हाक मारून देत सुटलो. पेले संपले तेव्हा स्वतःची छत्री दिली. पाऊस असूनही दिली. निदान ती घेताना तो माणूस दोन वाक्यं बोलला.

त्यानंतर कंटाळा आत शिरला. दाढी कशाला करायची, बघणार कोण? डबा उघडायचा तर झाकण काढायचे कष्ट. मी खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि समोरच्या हापशीकडे बघत बसू लागलो. हापशी बिघडलेली होती, त्यामुळे तिथेही कोणी येत नसे. दिवसभरात माझ्या तोंडून निघणारे शब्द बोटांवर मोजता आले असते. हे सगळं आपण फळ्यावर लिहिलं होतं, असं माझ्या एकदाही मनात आलं नाही. डॉक्टरला स्वतःचा ताप कळत नाही म्हणतात. मी तर डॉक्टरही नव्हतो.

पोळा झाला आणि चमत्कार झाला. सोमवारी एक शेतकरी आला. अर्धा एकर निंदायचं सोडून आला होता. खचलेल्याच्या खुर्चीत बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. ‘बोला,’ मी म्हणालो. ‘काही नाही जी, बसतो.’ आणि बसला. तासाभराने खिशातून पत्ते काढले. मी वहीत लिहिलं, ‘लाभार्थी अबोल. विश्वास संपादन करणे सुरू.’ बुधवारी एक बाई सुपात तूर घेऊन आल्या, खाली बसल्या आणि निवडू लागल्या. मध्येच म्हणाल्या, ‘भाऊ, भाकर खाल्ली का?’ मी लिहिलं, ‘लाभार्थी स्वतःच्या समस्येपासून विषय दूर नेतात.’ गुरुवारी एक म्हातारी यायची, ती आपल्या म्हशीचं सांगायची, आणि शुक्रवारी तिचा नातू यायचा, तोही म्हशीचंच सांगायचा. वही भरू लागली. मी पुन्हा दाढी करू लागलो, कारण लाभार्थ्यांसमोर नीट दिसायला हवं. कळंबला फोन करून सांगितलं, गिऱ्हाईक लागलं.

मंगळवार फिटरचाचांचा. घाटंजीच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी तीस वर्षं मशीन सांभाळलं होतं. सरकीपासून रुई वेगळी करणारे ते मोठे रूळ, त्यांचा आवाज बदलला की चाचा झोपेतही उठायचे, असं लोक सांगत. कापूस दुसरीकडे वळला, जिनिंगला कुलूप लागलं, त्याला दोन हंगाम झाले होते. चाची आधीच गेल्या होत्या. मुलगा पांढरकवड्याला हायवेवर ट्रकच्या गॅरेजात. चाचा इथे एकटे. कमरेला पिशवी, पिशवीत पाने आणि पेचकस.

ते खुर्चीत बसत नसत. आल्या आल्या खोलीभर नजर टाकायचे. ‘बेटा, ये पंखा काहून बोंबलते?’ आणि पंखा उतरवायचे. पुढच्या मंगळवारी दाराची बिजागरी. त्यापुढे कपाटाचं कुलूप. हापशीही त्यांनीच सुरू केली, ग्रामपंचायतीचे दोन ठराव जिथे हरले होते तिथे. काम करताना ते मशीनच्या गोष्टी सांगायचे आणि मी हूं हूं करायचो. मला त्यांचा मंगळवार आवडायचा. कार्तिकापर्यंत खोलीत बिघडलेलं काही उरलं नाही. तरी दर मंगळवारी टेबलाचा एक पाय डुगडुगत असे. चाचा खाली वाकून तो घट्ट करायचे, पुढच्या मंगळवारी तो परत सैल. सरकारी टेबल म्हणून मी सोडून दिलं.

एकदा मी पाणी आणायला हापशीवर गेलो आणि लवकर परतलो. चाचा टेबलाखाली बसून पेचकसाने स्क्रू उलटा फिरवत होते. मला बघून थांबले. शाळेतला मुलगा कॉपी करताना पकडला जावा तसा त्यांचा चेहरा झाला. ‘चेक करून राह्यलो,’ ते म्हणाले. मला हसू आलं. म्हाताऱ्याचा खोडकरपणा म्हणून मी ती गोष्ट तुरीवाल्या बाईंना रंगवून सांगितली. त्या हसल्या नाहीत. मला त्यांचंच आश्चर्य वाटलं.

कापूस वेचणी सुरू असताना वरचे साहेब तपासणीला आले. मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली आणि त्यांचा चेहरा उजळला. एवढे लाभार्थी दुसऱ्या कुठल्याच केंद्रात नव्हते म्हणे. त्यांना चार जण समोर हवे होते. अंगणवाडीच्या ताईंनी दहा मिनिटांत सगळ्यांना गोळा केलं. फक्त चाचांचा पत्ता नव्हता. साहेबांनी सोमवारच्या शेतकऱ्याला प्रेमाने विचारलं, ‘इथे येऊन बरं वाटतं ना आता?’

‘कोणाले? मले?’ तो बावचळला. ‘मले काय झालं जी?’

‘मग इथे येता कशाला?’

‘सरसाठी येतो.’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या फेटेवाल्याकडे पाहिलं. तेवढ्यात ताई पुढे झाल्या. त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, उलट अभिमान होता. ‘साहेब, सरनंच आमाले शिकवलं होतं. एकटा बसते, हापशीकडं टक लावून पाह्यते, दाढी नाही, भाकर नाही, वस्तू वाटून टाकते. छत्रीबी देऊन टाकली, बरसातीत! सगळे लक्षणं एकोएक होते. मंग आमी बाऱ्या लावल्या. वावराची राखण करतो तशी सरची राखण केली. उपदेश कोणीच केला नाही, नुसते बसलो.’

आणि त्यांनी वही काढली. वारानुसार कोणाची बारी, किती वेळ बसले, सर किती बोलले, भाकर पूर्ण खाल्ली की अर्धी टाकली. साहेब मोठ्याने वाचू लागले. ‘सोमवार, पत्त्यात हरला, चिडला. चांगलं लक्षण.’ ‘गुरुवार, म्हशीचं ऐकून दोनदा हसला.’ ‘बुधवार, दाढी केली.’ या शेवटच्या नोंदीखाली ताईंनी लाल रेघ ओढली होती. लेकराचं वजन वाढलं की त्या तशीच रेघ ओढत.

साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. माझ्या वहीत कितीतरी लाभार्थी होते आणि एकही खरा नव्हता. ताईंच्या वहीत एकच होता आणि तो पूर्ण बरा झाला होता. शेवटी ते म्हणाले, ‘योजनेत कर्मचाऱ्याला लाभार्थी धरायची तरतूद नाही.’ माझी वही त्यांनी बंद केली. ताईंच्या वहीची झेरॉक्स मात्र मागून नेली, असं काम कुठे बघायला मिळत नाही म्हणाले.

मला आधी राग आला. सगळं गाव मला वेडा समजत होतं, आणि मी त्यांच्यावर उपचार करत होतो! संध्याकाळी खोलीला कुलूप लावताना रागाचं रडू झालं, कारण ताईंचं काही चुकलं नव्हतं. मी खरोखर बुडत होतो. ज्यांना मी धीर देणार होतो त्यांनी आपलं निंदण, वेचणी, तूर सगळं बाजूला ठेवून मला वर ओढलं होतं. आणि वर्षाच्या त्या दिवसांत कोणाकडेही वेळ रिकामा नव्हता.

करार वाढला नाही. शेवटच्या दिवशी पाच-सहा जण फाट्यावर पोचवायला आले. ताई थेट कंडक्टरकडे गेल्या. ‘याले खिडकीपाशी एकटा बसू देऊ नका, कोणाच्या तरी बाजूनं बसवा.’ कंडक्टरने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्वतःच्या शेजारी बसवलं. यवतमाळ येईपर्यंत तो त्याच्या साडूबद्दल बोलत राहिला.

कळंबला वडिलांनी काही विचारलं नाही. बाजाराला मात्र त्यांनी दुसऱ्या रस्त्याने जायला सुरुवात केली. मी घरात बसून नोकरीच्या जाहिराती वाचत होतो. आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारी दार वाजलं. फिटरचाचा उभे होते, कमरेला पिशवी, पायजम्याला एसटीची धूळ. घाटंजीहून यवतमाळ, यवतमाळहून कळंब, अशा दोन गाड्या बदलून आले होते.

‘चाचा, तुम्ही? इकडे कुठे?’

‘मंगळवार हाय ना,’ ते म्हणाले. ‘आपली बारी.’

मी हसलो. ‘अहो, आता बाऱ्या संपल्या. मी ठीक आहे.’

‘हां, दिसून राह्यला,’ ते म्हणाले आणि आत येऊन बसले. खुर्चीत बसलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहत होतो. आईने चहा दिला. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. आमच्या घरातलं सगळं धड होतं, वडील त्या बाबतीत कडक. मग हातातली बशी ते नुसती गोल फिरवत राहिले.

‘त्या दिवशी साहेब आले तेव्हा तुम्ही नव्हता,’ मी म्हणालो.

‘गेलतो जिनिंगवर. रोज जातो.’

‘रोज? कुलूप आहे ना?’

‘बाहेरून बसतो.’ ‘बेटा, एक सांगू? मले अंगणवाडीच्या बाईनं बारी दिली नव्हती. म्या मागून घेतली. एक दिवस तरी कोणाकडं जाचं राह्यते माणसाले.’

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पांढरे खुंट चेहराभर वाढलेले होते. सदरा अंगावर लोंबत होता. पेचकसाची पिशवी त्यांनी सोडून माझ्यासमोर ठेवली होती. ‘हे तू ठेव. कामाला येईल तुह्या,’ ते म्हणाले. फळ्यावर माझ्या हाताने लिहिलेलं सगळं माझ्यासमोर खुर्चीत बसलेलं होतं. अकरा महिने मी ज्या माणसाला शोधत होतो तो दर मंगळवारी माझ्या टेबलाखाली बसला होता, आणि मी ती गंमत म्हणून सांगत फिरलो.

मी खुर्ची ओढून त्यांच्या जवळ घेतली आणि बसलो. आतून आईने विचारलं, पाहुणे शेवटच्या गाडीने जाणार की जेवून निघणार?

‘चाचा चार दिवस राहतील,’ मी म्हणालो.

त्यांनी नाही म्हटलं नाही.